बोटीचं कार्ड कोणाला लागतं? जन्मतारखेवरून ठरवायची कृती

अमेरिकेत उन्हाळा आला की तळ्याकाठचं घर आठवड्यासाठी भाड्याने घ्यायचं, सोबत एखादी पोंटून बोट किंवा जेट स्की मिळवायची, असे बेत मराठी घरांतही ठरतात. शाकाहारी किती, गाद्या किती, यावर चर्चा रंगते. बोट कोण चालवणार यावर मात्र कोणी बोलत नाही, कारण गाडीचं लायसन्स खिशात असलं की झालं, असं सगळे धरून चालतात. तसं नसतं. हौसेने बोट चालवणाऱ्यासाठी अमेरिकेत देशभराचं एक लायसन्स नाही. १९७१च्या केंद्रीय कायद्याने बोट कशी बांधावी, तिच्यात कोणतं सामान असावं याचे नियम घातले. चालवणाऱ्याने आधी काही शिकून यावं की नाही, हे राज्यांवर राहिलं. राज्यांनी त्यासाठी धरलं ते वय. खरं तर वयही नाही, जन्मतारीख. त्यामुळे एकाच घरात धाकट्या भावाला बोट चालवायला शिकल्याचं कार्ड (काही राज्यांत त्याला प्रमाणपत्र म्हणतात) लागतं आणि थोरल्याला लागत नाही, असे प्रकार होतात.

खालची कृती बेत पक्का करण्याआधी करावी. धक्क्यावर पोचल्यावर नव्हे.

साहित्य: घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट किंवा लायसन्स, बोटीच्या इंजिनाची हॉर्सपॉवर आणि बोटीची लांबी (भाड्याने देणाऱ्याला विचारून घ्या), तळ्याचं किंवा खाडीचं नाव, कोणाकडे आधीचं बोटीचं कार्ड असेल तर ते, आणि एक कागद.

१. पाणी कोणत्या राज्याचं ते आधी बघा

नियम पाण्याबरोबर जातो, तुमच्या घराच्या पत्त्याबरोबर नाही. न्यू जर्सीतलं कुटुंब न्यूयॉर्कच्या लेक जॉर्जवर गेलं की नियम न्यूयॉर्कचा. खरी गंमत सीमेवरच्या पाण्यात आहे. लेक शॅम्प्लेनच्या पश्चिम किनाऱ्यावर न्यूयॉर्क आहे, पूर्वेला व्हरमाँट. न्यूयॉर्कच्या बाजूला मोटरबोट चालवणाऱ्या प्रत्येकाला प्रमाणपत्र लागतं. व्हरमाँटच्या बाजूला ते १ जानेवारी १९७४ नंतर जन्मलेल्यांनाच लागतं. म्हणजे १९७० साली जन्मलेले गृहस्थ व्हरमाँटच्या धक्क्यावरून कार्डाशिवाय निघाले, तर तळ्याच्या मध्यापर्यंतच कायद्याला धरून असतात. पश्चिमेकडच्या वाचकांसाठी लेक टाहोची गोष्ट तशीच: कॅलिफोर्नियाच्या बाजूला सगळ्यांना कार्ड, नेवाडाच्या बाजूला १ जानेवारी १९८३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना, तेही इंजिन १५ हॉर्सपॉवरच्या वर असेल तर. पाण्यावर पाटी नसते. सीमेवरच्या तळ्यावर दोन्ही राज्यांतला कडक नियम पाळावा, म्हणजे हिशेब करत बसावं लागत नाही.

२. जन्मतारखा कागदावर उतरवा

सोपं वाटतं, पण आपल्या घरांत इथेच घोळ होतो. कायदा बघतो ती ओळखपत्रावरची तारीख. महाराष्ट्रात एका पिढीची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकली, आणि तीच पुढे पासपोर्टवर आली. एखादे काका प्रत्यक्षात १९५४च्या दिवाळीत जन्मले आणि कागदावर १ जून १९५५ ला. वॉशिंग्टन राज्यात १ जानेवारी १९५५च्या आधी जन्मलेल्यांना बोटीच्या कार्डातून सूट आहे. काकांना ती सूट नाही. दिवाळीचा दाखला अधिकाऱ्यापुढे चालणार नाही.

दुसरी गोष्ट, तारीख वाचायची पद्धत. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. मेरिलँडची रेघ, म्हणजे जिच्यापासून पुढे जन्मलेल्यांना कार्ड लागतं ती तारीख, ०७/०१/१९७२ अशी लिहिलेली दिसेल. ती १ जुलै आहे, ७ जानेवारी नव्हे. मार्च १९७२ मध्ये जन्मलेल्या माणसाला चुकीच्या वाचनाने कार्ड लागेल असं वाटेल, प्रत्यक्षात लागत नाही. कागदावर उतरवताना महिना अक्षरांत लिहा.

शब्दही नीट वाचा. ‘त्या तारखेला किंवा त्यानंतर’ आणि ‘त्या तारखेनंतर’ यात एका दिवसाचा फरक पडतो. मिशिगनचा नियम ३० जून १९९६ नंतर जन्मलेल्यांना लागू आहे, म्हणजे १ जुलैपासून पुढचे सगळे त्यात आले.

३. रेघ कोणत्या जातीची आहे ते ओळखा

या पायरीवर थोडं थांबावं लागेल. वयाची रेघ ओढायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्हींचं वागणं वेगवेगळं आहे.

पहिली पद्धत, अमक्या वयापेक्षा लहान असाल तर शिका. २००९ संपेपर्यंत फ्लोरिडात हेच होतं: २१ आणि त्याहून कमी वयाच्या चालकाला ओळखपत्र लागायचं. या पद्धतीत पळवाट कायद्यातच शिवलेली आहे. काही न शिकता बाविसावा वाढदिवस गाठला की माणूस मोकळा. पाणी, इंजिन आणि डोकं तेच, फक्त केक कापला गेला.

दुसरी पद्धत जन्मतारखेची. फ्लोरिडाने १ जानेवारी २०१० पासून नियम बदलला आणि १ जानेवारी १९८८ किंवा त्यानंतर जन्मलेल्या सर्वांना तो लागू केला. हिशेब करून पाहा. १ जानेवारी १९८८ला जन्मलेला माणूस त्याच दिवशी २२ वर्षांचा झाला. म्हणजे जे आधीच सुटले होते ते सुटलेलेच राहिले, आणि जे अजून आत होते त्यांना वाढदिवसाने सुटका मिळणं बंद झालं. त्यांच्यासाठी नियम जन्मभराचा झाला. नॉर्थ कॅरोलायनाचीही रेघ १ जानेवारी १९८८ आहे, पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोची १ जानेवारी १९८२, टेक्ससची १ सप्टेंबर १९९३, जॉर्जियाची १ जानेवारी १९९८. या तारखांत पाण्याचं किंवा माणसाच्या बुद्धीचं कोणतंही शास्त्र शोधू नका. कायदा मंजूर झाला तेव्हा किती मतदारांना दुखवायचं नाही, एवढाच त्यातला विचार दिसतो. काल बोट चालवत होता त्याला उद्या वर्गात बसवायचं नाही, नव्याने येणाऱ्याला बसवायचं, आणि वर्षं सरतील तशी सूट असलेली पिढी आपोआप मागे पडेल. राजकारण म्हणून यात शहाणपण आहे. सुरक्षा म्हणून ही पद्धत फार सावकाश चालते.

तिसरी पद्धत जिन्याची: रेघ टप्प्याटप्प्याने सरकवत न्यायची आणि शेवटी पुसून टाकायची. कॅलिफोर्नियात २०१८ साली २० वर्षांपर्यंतच्यांपासून सुरुवात झाली, मग २५, ३५, ४०, ४५, ५०, ६० अशा पायऱ्या चढत १ जानेवारी २०२५ला सगळे आत आले. न्यूयॉर्कने हेच जन्मतारखांनी केलं. तिथला कायदा ब्रियानाच्या नावाने ओळखला जातो. ऑगस्ट २००५ मध्ये लाँग आयलंडजवळच्या ग्रेट साउथ बेमध्ये एका कुटुंबाच्या बोटीवर दुसरी बोट येऊन आदळली आणि ११ वर्षांची ब्रियाना गेली. तिच्या आईने पुढची चौदा वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ऑगस्ट २०१९ मध्ये कायद्यावर सही झाली. त्याआधी न्यूयॉर्कची रेघ १ मे १९९६ होती. नव्या कायद्याने ती २०२० साली १ जानेवारी १९९३ वर आणली, २०२२ साली १९८८ वर, २०२३ साली १९८३ वर, २०२४ साली १९७८ वर. १ जानेवारी २०२५ पासून मोटर असलेली बोट चालवणाऱ्या कोणालाही, सत्तरीच्या आजोबांनाही, प्रमाणपत्र लागतं. नसेल तर दंड १०० ते २५० डॉलर. त्यामुळे जुनी माहितीपत्रकं आणि मित्रांचे जुने सल्ले बाजूला ठेवा. ‘मला लागत नाही, मी विचारलं होतं’ असं म्हणणारा २०२३ साली खरंच बरोबर असू शकतो आणि आज चूक.

कागदावर राज्याच्या नावापुढे रेघेची जात आणि तारीख लिहा. जन्मतारखांच्या यादीत वरून खाली जात, कार्ड लागणाऱ्यांपुढे खूण करा.

४. दुसरी रेघ विसरू नका

वर बघितली ती शिकण्याची रेघ. तिच्याखेरीज किमान वयाची वेगळी रेघ असते, आणि दोन्हींची गल्लत हमखास होते. कार्ड मिळालं म्हणजे चालवायची परवानगी मिळाली, असं प्रत्येक वेळी नसतं. न्यू जर्सीत १३ वर्षांखालच्या मुलाला मोटरबोट चालवताच येत नाही. १३ ते १५ वयाच्या मुलाने प्रमाणपत्र मिळवलं तरी त्याला फक्त लहान इलेक्ट्रिक मोटर, किंवा १२ फूट आणि त्याहून लांब बोट, तीही १० हॉर्सपॉवरपेक्षा कमी इंजिनाची, चालवता येते. पूर्ण मोकळीक १६व्या वर्षी. न्यूयॉर्क इथे सैल आहे: १० वर्षांचं मूल प्रमाणपत्रावर एकट्याने मोटरबोट चालवू शकतं, जेट स्कीला मात्र १४ पूर्ण हवीत. दहा वर्षांच्या मुलाला एकटं सोडावं का, हा प्रश्न कायद्याने आईवडिलांकडे दिला आहे. माझं उत्तर नाही असं आहे.

५. इंजिन आणि बोटीचा प्रकार

वल्ह्याची नाव, कयाक, कनू यांना बहुतेक राज्यांत हा नियम लागत नाही. मोटर लावली की हॉर्सपॉवर बघायची. फ्लोरिडात १० आणि पुढे, वॉशिंग्टनमध्ये १५ आणि पुढे, पेनसिल्व्हेनियात २५च्या वर. टेक्ससमध्ये १५च्या वर, पण तिथे १४ फुटांहून लांब शिडाची बोटही नियमात येते. जेट स्कीसाठी बऱ्याच ठिकाणी वेगळी, कडक रेघ आहे: मिशिगनमध्ये बोटीची रेघ १९९६ची, पण जेट स्कीची ३१ डिसेंबर १९७८ नंतरची. भाड्याच्या जेट स्कीसाठी यादी पुन्हा वरून तपासा.

न्यू जर्सीच्या वाचकांसाठी एक जादा ओळ. लेक हॉपॅटकाँगसारख्या, भरती-ओहोटी नसलेल्या पाण्यावर प्रमाणपत्राबरोबर मोटर व्हेईकल कमिशनचं बोटीचं लायसन्सही सहसा लागतं. समुद्राकाठी एकाच कागदावर चालतं, डोंगरातल्या तळ्यावर दोन.

६. शेजारी कोण बसणार ते ठरवा

काही राज्यांत कार्ड नसलेल्याला कार्डवाल्याच्या देखरेखीखाली चालवता येतं. न्यूयॉर्कमध्ये प्रमाणपत्र नसलेल्या लहान मुलाच्या सोबत १८ पूर्ण झालेली, प्रमाणपत्र असलेली व्यक्ती बोटीत असली तर चालतं. इथे ‘प्रमाणपत्र असलेली’ हे शब्द महत्त्वाचे.

फ्लोरिडात ते शब्द वेगळे आहेत, आणि त्यातून जन्मतारखेच्या पद्धतीचा विनोद पुरता उघडा पडतो. तिथे शेजारी बसणारी व्यक्ती १८ वर्षांची हवी, बोटीकडे लक्ष देणारी हवी, काही चुकलं तर जबाबदार धरली जाणारी हवी, आणि तिच्याकडे कार्ड हवं किंवा तिला कार्डातून सूट हवी. हा ‘किंवा’ बघा. १९८५ साली नागपुरात जन्मलेले मामा, ज्यांनी आयुष्यात सुकाणूला हात लावलेला नाही, ते शेजारी बसले की २००५ साली जन्मलेला भाचा कोर्स न करता २०० हॉर्सपॉवरची बोट कायदेशीर चालवतो. तोच भाचा कोर्स केलेल्या सतरा वर्षांच्या बहिणीला शेजारी घेऊन निघाला तर बेकायदा. कायद्याने जन्मसालाला अनुभव मानलं आहे. पंचवीस वर्षं मासेमारी केलेल्या माणसासाठी ते ठीक. मामांसाठी नाही. म्हणून यादीत ‘सूट’ अशी खूण झालेल्या प्रत्येकापुढे आणखी एक रकाना करा: याने प्रत्यक्षात बोट चालवली आहे का? उत्तर नाही असेल तर त्याला देखरेखीसाठी बसवू नका. दंड भरायची वेळ आली तर पावतीही मामांच्या नावाने फाटू शकते.

७. भाड्याची बोट आणि भारतातून आलेले पाहुणे

भाड्याने घेतलेल्या बोटीला कॅलिफोर्नियात कार्डातून सूट आहे. फ्लोरिडात ती नाही, आणि बोट भाड्याने घेणारा १८ वर्षांचा हवा. दुकानदार चावी देताना कागद मागेलच असं नाही. पाण्यावरचा अधिकारी मागेल. दोन दिवसांच्या पाहुण्यांसाठी फ्लोरिडात तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं, परीक्षा पास केली की ९० दिवस चालतं.

बाहेरून आलेल्यांना काही राज्यं मुदत देतात, कॅलिफोर्निया ६० दिवसांची, न्यू जर्सी ९० दिवसांची. पण त्यांची अपेक्षा असते की पाहुण्याने आपल्या घरच्या ठिकाणचा नियम पुरा केलेला असावा किंवा तिथलं कार्ड दाखवावं. पुण्याहून आलेल्या आईबाबांकडे असं कार्ड सहसा नसतं, आणि भर उन्हात अधिकाऱ्याला ते समजावत बसण्यात सुट्टी जाते. त्यांना पुढे, फोटोच्या जागेवर बसवा. बाबांना चालवायचीच हौस असेल तर आठवी पायरी त्यांच्यासाठीही आहे.

८. कोर्स करा, सूट असली तरी

कोर्स निवडताना एकच गोष्ट बघायची: त्यावर राज्यांच्या बोट-कायदा प्रशासकांच्या राष्ट्रीय संघटनेची, म्हणजे नॅसब्लाची मान्यता आहे का. ती असली की एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात सहसा चालतं. कोस्ट गार्ड ऑक्झिलरीचे स्वयंसेवक प्रत्यक्ष वर्ग घेतात. न्यूयॉर्कमध्ये असा वर्ग किमान आठ तासांचा असतो, १८ पूर्ण झालेल्याला राज्याच्या प्रमाणपत्राचे १० डॉलर पडतात. ऑनलाइनही करता येतो, काही राज्यांसाठी बोटयूएस फाउंडेशनचा कोर्स फुकट आहे. न्यू जर्सीत अभ्यास ऑनलाइन केला तरी परीक्षा निरीक्षकासमोर द्यावी लागते, म्हणून शुक्रवारी रात्री कार्ड मिळवून शनिवारी निघायचं तिथे जमत नाही. तीन-चार आठवडे आधी सुरुवात करा.

कोर्समध्ये लक्ष द्यायचं ते समोरासमोर आलेल्या दोन बोटींनी कोणी कुठे वळायचं, रात्री लाल-हिरवे दिवे दिसले तर समोरची बोट येते की जाते, आणि बोया कोणत्या बाजूने टाळायचे, याकडे. इंजिनाची माहिती नंतर दुकानदारही सांगतो.

सूट असलेल्यांनीही तो करावा असं का म्हणतो? कोस्ट गार्डच्या २०२३च्या अहवालात बोटींच्या अपघातांत ५६४ मृत्यू नोंदले आहेत. चालकाच्या शिक्षणाची माहिती मिळाली त्या घटनांत चारातले तीन मृत्यू न शिकलेल्या चालकाच्या बोटीवर झाले. या आकड्यावर आंधळा विश्वास मात्र ठेवू नका. पाण्यावर एकूण चालकांत न शिकलेले किती, हे कळल्याशिवाय कोर्सने किती जीव वाचतात ते यातून सिद्ध होत नाही. पण आठ तास आणि दहा डॉलर या किमतीला तेवढा संशयही पुरेसा आहे.

९. निघायच्या दिवशी

कार्ड घरच्या फाइलमध्ये ठेवून उपयोग नाही, चालवताना जवळ हवं. प्लास्टिकच्या झिपच्या पिशवीत घालून चालवणाऱ्याच्या खिशात ठेवा, आणि चालवणारा बदलला की दुसऱ्याचं कार्डही जवळ आहे ना ते बघा.

मुलांच्या लाईफ जॅकेटलाही वयाची रेघ आहे, आणि तीही राज्यागणिक बदलते. केंद्राचा नियम चालत्या बोटीत १३ वर्षांखालच्या मुलाने जॅकेट घातलेलं असावं असा आहे, पण राज्याने स्वतःचं वय ठरवलं असेल तर तिथल्या पाण्यात राज्याचं चालतं. न्यूयॉर्कमध्ये १२ वर्षांखाली. फ्लोरिडात फक्त ६ वर्षांखाली, २६ फुटांपेक्षा लहान बोटीत. १ नोव्हेंबर ते १ मे या थंडीच्या काळात न्यूयॉर्कमध्ये २१ फुटांपेक्षा लहान बोटीतल्या सगळ्यांनीच, मोठ्यांनीही, ते घालायचं असतं. इथे यादी करू नका. २०२३ मध्ये बुडून गेलेल्या, आणि जॅकेटची माहिती असलेल्या लोकांपैकी ८७ टक्क्यांनी ते घातलेलं नव्हतं, आणि त्यात पोहता येणारेही असणार. धक्का सोडण्याआधी सगळ्यांच्या अंगावर चढवा, वय न विचारता.

१०. कॅलेंडरवर पुढच्या तारखा लिहा

जिना अजून बांधला जातो आहे, म्हणून कागद दरवर्षी मे महिन्यात पुन्हा तपासावा. मिनेसोटाने १ जुलै २०२५ला १ जुलै २००४ आणि नंतर जन्मलेल्यांपासून सुरुवात केली. २०२६ मध्ये रेघ १ जुलै २००० वर येते, २०२७ मध्ये १९९६ वर, २०२८ मध्ये १९८७ वर, आणि तिथे थांबते. त्याहून मोठ्यांना कायमची सूट. मॅसॅच्युसेट्सने दोनच पायऱ्या ठेवल्या: १ जानेवारी १९८९ नंतर जन्मलेल्यांना १ एप्रिल २०२६ पर्यंत, बाकी सगळ्यांना १ एप्रिल २०२८ पर्यंत. बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्या चाळिशीपुढच्या मंडळींनी ही दुसरी तारीख आजच लिहून ठेवावी, आणि कोर्स त्या वर्षीच्या मार्चमध्ये नव्हे, आदल्या हिवाळ्यात उरकावा. शेवटच्या महिन्यात वर्गात जागा मिळणार नाही.